एक पोर्ट, दोन प्रक्रिया : लिनक्सवरील सर्व्हरची दुबार सुरुवात आणि तिचे निवारण

प्रस्तावना

संगणक प्रयोगशाळेतील सर्व्हर बंद पडला तर ते सर्वांच्या लक्षात येते. विद्यार्थी ओरडतात, प्रयोगशाळा सहायक धावत येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत काहीतरी तजवीज होते. परंतु एकाच सर्व्हरच्या दोन प्रती एकाच वेळी चालू असतील आणि दोन्ही व्यवस्थित उत्तरे देत असतील, तर दोष आहे हेच मुळी कोणाच्या ध्यानात येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसरा प्रकार आहे. लिनक्स या प्रचालन प्रणालीवर एकच नेटवर्क पोर्ट दोन स्वतंत्र प्रक्रियांच्या ताब्यात कसा जाऊ शकतो, तसे होण्यामागील कारणे कोणती आणि ते रोखण्याचे कोणते उपाय भरवशाचे आहेत, याची मांडणी येथे केली आहे. वाचकांमध्ये संगणकशास्त्राबाहेरील प्राध्यापकही आहेत, हे लक्षात घेऊन मूलभूत संकल्पनांपासून सुरुवात केली आहे.

हा विषय निवडण्यास एक प्रत्यक्ष प्रसंग कारणीभूत आहे. प्रस्तुत लेखकाच्या विभागात अंतर्गत मूल्यमापनाची वस्तुनिष्ठ चाचणी घेण्यासाठी पायथन भाषेत एक छोटी सेवा तयार करण्यात आली होती. सर्व्हरवर प्रश्नसंच व उत्तरतालिका असे. प्रयोगशाळेतील संगणकांवरील आज्ञावली त्याच्याशी जोडणी करून प्रश्न मागवी आणि उत्तरे पाठवी. या दोहोंमधील संवादासाठी जीआरपीसी ही, गुगलने २०१५ साली मुक्त केलेली लायब्ररी वापरली होती. चाचणीच्या आदल्या दिवशी तीन प्रश्नांच्या उत्तरांत दुरुस्ती करून नवी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्यात आली. त्या रात्री वीज गेली व सर्व्हर बंद पडला. सकाळी वीज आल्यावर यंत्र पुन्हा सुरू झाले, तेव्हा क्रॉनच्या तक्त्यात पूर्वी केव्हातरी लिहून ठेवलेल्या एका ओळीने जुन्या फोल्डरमधील प्रत आपोआप सुरू केली. प्रस्तुत लेखकाला त्या ओळीचे विस्मरण झाले होते. त्याने नवी प्रत हाताने सुरू केली. कोणताही त्रुटिसंदेश आला नाही.

चाचणीस ५८ विद्यार्थी होते. निकालाच्या फाइलमध्ये ३१ जणांच्याच नोंदी आढळल्या. उरलेले सर्व जण 'उत्तरे स्वीकारली' असा संदेश पडद्यावर पाहिल्याचे ठामपणे सांगत होते. त्यांपैकी दोन विद्यार्थिनींना, त्यांनी शेवटचे बटण दाबलेच नसावे, असे वर्गासमोर सुनावण्यात आले. प्रत्यक्षात त्या खरे बोलत होत्या. उरलेल्या २७ नोंदी जुन्या फोल्डरमधील निकालाच्या फाइलमध्ये सुरक्षित होत्या, मात्र त्यांचे गुण जुन्या, चुकीच्या उत्तरतालिकेनुसार दिलेले होते. फेरतपासणी झाली, गुण दुरुस्त झाले, क्षमाही मागितली गेली. तथापि 'पत्ता आधीच वापरात आहे' हा नेहमीचा संदेश त्या सकाळी का आला नाही, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती आले ते पुढे दिले आहे.

पोर्टची मालकी

एका संगणकावर एकाच वेळी अनेक सेवा चालतात. बाहेरून आलेला संदेश त्यांपैकी कोणत्या सेवेकडे द्यावयाचा, हे ठरविण्यासाठी प्रत्येक संदेशावर पोर्ट क्रमांक असतो. तो १६ बिटांचा असल्यामुळे ० ते ६५५३५ एवढ्याच मर्यादेत असू शकतो. वेबसाठी ८०, सुरक्षित वेबसाठी ४४३, मायएसक्यूएलसाठी ३३०६, पोस्टग्रेससाठी ५४३२ हे क्रमांक रूढ आहेत. महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडक्यांवर जसे क्रमांक असतात, तशीच ही व्यवस्था होय. शिष्यवृत्तीचा अर्ज तीन क्रमांकाच्या खिडकीत द्यावयाचा, एवढे विद्यार्थ्याला ठाऊक असले की पुरे, आत कोण बसले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते.

सर्व्हरला खिडकीवर बसण्यासाठी तीन पायऱ्या चढाव्या लागतात. प्रथम तो कर्नलकडून सॉकेट मागून घेतो. नंतर 'बाइंड' या क्रियेने त्या सॉकेटला पत्ता व पोर्ट क्रमांक जोडतो. शेवटी 'लिसन' या क्रियेने, आपण जोडण्या स्वीकारण्यास तयार असल्याचे जाहीर करतो. १९८३ साली बर्कली विद्यापीठाच्या ४.२बीएसडी या युनिक्स आवृत्तीने रूढ केलेली ही पद्धत लिनक्सने जवळजवळ तशीच उचलली आहे. बाइंड करताना कर्नल आपल्या तक्त्यात पाहतो. तोच पोर्ट, त्याच पत्त्यावर, आधीच कोणाकडे असेल तर विनंती फेटाळली जाते.

येथे दोन बारकावे आहेत. पहिला पत्त्याविषयीचा. एकाच यंत्राला अनेक पत्ते असू शकतात, आणि एक प्रक्रिया १२७.०.०.१ वरील ८०८० तर दुसरी स्थानिक नेटवर्कच्या पत्त्यावरील ८०८० घेऊन बसली, तर त्यांच्यात संघर्ष नाही. त्यामुळे 'सर्व्हरवरून तपासले तर जुने पान दिसते, बाहेरून पाहिले तर नवे' असा चमत्कार घडू शकतो. सर्व पत्त्यांसाठी म्हणजे ०.०.०.० वर ऐकणारी प्रक्रिया आधीपासून असेल, तर मात्र कोणत्याही एका पत्त्यावर तोच पोर्ट मागणारी दुसरी टीसीपी प्रक्रिया सर्वसाधारणपणे नाकारली जाते.

दुसरा बारकावा असा की, पोर्टची मालकी प्रक्रियेकडे नसून सॉकेटकडे असते. एखाद्या प्रक्रियेने फोर्क करून बाल प्रक्रिया निर्माण केली, तर उघड्या सॉकेटचा वारसा तिच्याकडेही जातो. मूळ सर्व्हर मेला, पण त्याने कधीतरी सुरू केलेली एखादी किरकोळ स्क्रिप्ट जिवंत असेल, तर पोर्ट सुटत नाही. सर्व्हर बंद आहे आणि तरीही पोर्ट व्यापलेला आहे, अशा तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ येथे सापडते. 'एक्झेक होताच बंद कर' अशी खूण सॉकेटवर केल्यास हा वारसा तुटतो. लिनक्सच्या २.६.२७ या २००८ मधील आवृत्तीपासून सॉकेट निर्माण करतानाच ही खूण करता येते, आणि पायथनने ३.४ या २०१४ मधील आवृत्तीपासून ती स्वतःहून करण्यास सुरुवात केली. तरीही एक्झेक न करता केवळ फोर्क करणाऱ्या आज्ञावलीत वारसा कायम राहतो, हे विसरता कामा नये.

पुनर्वापराचे दोन पर्याय आणि त्यांतील गल्लत

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कर्नल जर दुसऱ्या प्रक्रियेला नाकारतो, तर त्या सकाळी त्याने का नाकारले नाही? याचे उत्तर, नावांत फारसा फरक नसलेल्या पण परिणामांत जमीन-अस्मानाचा फरक असलेल्या दोन पर्यायांत आहे. पहिला 'रीयूजअॅड्रेस', म्हणजे पत्त्याचा पुनर्वापर. दुसरा 'रीयूजपोर्ट', म्हणजे पोर्टचा पुनर्वापर.

पहिल्या पर्यायाची गरज टीसीपीच्या एका नियमामुळे निर्माण होते. जोडणी ज्या बाजूने आधी बंद केली, त्या बाजूला ती काही काळ 'टाइम-वेट' या अवस्थेत ठेवावी लागते. रेंगाळलेले जुने संदेश नव्या जोडणीत मिसळू नयेत, हा त्यामागील हेतू. १९८१ च्या मूळ टीसीपी विनिर्देशापासून हा नियम आहे. लिनक्समध्ये हा काळ ६० सेकंदांचा आहे. सर्व्हर बंद करून लगेच सुरू केला तर या रेंगाळणाऱ्या जोडण्यांमुळे बाइंड फेटाळले जाते. पहिला पर्याय ही अडचण दूर करतो. लिनक्सवर तो टीसीपीपुरता निर्धोक आहे, कारण त्या पोर्टवर दुसरा सॉकेट प्रत्यक्ष ऐकत असेल, तर हा पर्याय असूनही परवानगी मिळत नाही. दोन्ही सॉकेटांवर हा पर्याय असेल आणि अद्याप कोणीच लिसन केले नसेल, तर दोघांचेही बाइंड यशस्वी होते हे खरे. परंतु त्यानंतर ज्याचे लिसन दुसऱ्या क्रमांकाने होईल, त्याला त्रुटी मिळते. म्हणून केवळ बाइंडचे यश पाहून निश्चिंत होणाऱ्या आज्ञावलीला सदोषच म्हटले पाहिजे.

यूडीपीची गोष्ट निराळी आहे. तेथे लिसन ही पायरीच नसते, आणि दोन्ही सॉकेटांवर पहिला पर्याय असल्यास लिनक्स दोघांनाही तोच पोर्ट देऊन टाकतो. विंडोजवर तर या पर्यायाचा अर्थच वेगळा आहे : त्याच्या आधारे दुसरी प्रक्रिया चालू सर्व्हरचा पोर्ट बळकावू शकते, आणि ते रोखण्यासाठी तेथे 'अनन्य वापरा'चा वेगळा पर्याय द्यावा लागला. एका प्रणालीवरील अनुभव दुसरीवर लागू करू पाहणाऱ्यांची येथे फसगत होते.

दुसरा पर्याय लिनक्समध्ये एप्रिल २०१३ मधील ३.९ या आवृत्तीत आला. गुगलमधील टॉम हर्बर्ट यांनी तो सादर केला होता. त्यांच्यापुढील अडचण खरी होती. प्रचंड संख्येने जोडण्या येणाऱ्या सर्व्हरवर एकच ऐकणारा सॉकेट असेल, तर जोडण्या स्वीकारण्याचे काम एका ठिकाणी तुंबते, आणि अनेक धाग्यांनी त्याच सॉकेटवरून जोडण्या उचलल्या तर कामाची वाटणी असमान होते. त्यावर उपाय म्हणून, प्रत्येक कामकरी प्रक्रियेने स्वतःचा सॉकेट त्याच पोर्टवर उघडावा आणि वाटणी कर्नलने करावी, अशी सोय केली गेली. पाठविणाऱ्याचा पत्ता व पोर्ट आणि घेणाऱ्याचा पत्ता व पोर्ट या चार गोष्टींवरून कर्नल एक अंक काढतो आणि त्यानुसार जोडणी कोणत्या सॉकेटकडे द्यावयाची ते ठरवितो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरनेही २०१५ मधील १.९.१ आवृत्तीपासून ही सोय स्वीकारली.

या सोयीला दोन अटी आहेत. त्या पोर्टवरील प्रत्येक सॉकेटने, पहिल्यासह, बाइंड करण्यापूर्वी हा पर्याय लावलेला असला पाहिजे. तसेच सर्व प्रक्रियांचा परिणामी वापरकर्ता क्रमांक एकच असला पाहिजे. दुसरी अट सुरक्षिततेसाठी आहे : परक्या वापरकर्त्याने चालू सेवेच्या पोर्टवर शिरून तिच्याकडे येणाऱ्या जोडण्या पळवू नयेत. परंतु आपल्याच खात्यातून, चुकून सुरू झालेली दुसरी प्रत ही परकी नसते. कर्नलच्या दृष्टीने हेतुपुरस्सर सुरू केलेला सहकारी आणि विस्मरणातून सुरू झालेली जुळी प्रत यांत काहीच फरक नाही. चोराला अडविणारा पहारेकरी घरच्याच माणसाला कसा अडविणार?

जीआरपीसीच्या सी भाषेतील गाभ्यावर उभ्या असलेल्या आवृत्त्या, ज्यांत पायथन व सी प्लस प्लस येतात, लिनक्सवर हा दुसरा पर्याय न सांगता लावतात. आमच्या दोन्ही प्रती एकाच खात्यातून चालत होत्या. दोन्ही अटी पूर्ण झाल्या आणि कर्नलने मुकाट्याने जोडण्या वाटून टाकल्या. ५८ पैकी ३१ आणि २७ ही विभागणी निम्म्याच्या इतक्या जवळ का होती, हेही यावरून उलगडते. शिवाय जीआरपीसीची जोडणी दीर्घकाळ टिकणारी असल्याने एका संगणकावरील आज्ञावली शेवटपर्यंत एकाच प्रतीशी बोलत राहिली. म्हणून चाचणी चालू असताना कोणालाही विसंगती जाणवली नाही. नंतर मुद्दाम एकाच संगणकावर ती आज्ञावली पुन्हापुन्हा सुरू करून पाहिली, तेव्हा प्रश्नसंचाचा क्रमांक कधी ३ तर कधी ४ असा दिसू लागला. दर वेळी नव्या जोडणीला नवा पोर्ट मिळत होता आणि त्यानुसार चिठ्ठी वेगळ्या नावाची निघत होती.

निदान

अशा दोषाचे निदान, संशय आला तर, अर्ध्या मिनिटाचे आहे. 'एसएस' ही आज्ञा एल, टी, एन व पी या पर्यायांसह दिली की ऐकणाऱ्या सर्व टीसीपी सॉकेटांची यादी प्रक्रिया क्रमांकांसह मिळते. इतर वापरकर्त्यांच्या प्रक्रियाही दिसाव्यात म्हणून ती रूटच्या अधिकाराने द्यावी. एकाच पोर्टच्या दोन ओळी आणि त्यांपुढे दोन भिन्न प्रक्रिया क्रमांक दिसले, तर रीयूजपोर्ट वापरात आहे असे समजावे. एकाच ओळीत अनेक प्रक्रिया क्रमांक असतील, तर तो फोर्कमधून आलेला वारसा होय. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण दोहोंवरील उपाय वेगळे आहेत. नंतर 'प्रॉक' या फोल्डरात त्या प्रक्रिया क्रमांकाखाली असलेल्या दुव्यावरून ती कोणत्या फोल्डरमधून चालू आहे ते पाहावे. आमच्या बाबतीत जुना फोल्डर उघडकीस आला तो येथेच.

मात्र पोर्ट न मिळण्याचे कारण दर वेळी जुळी प्रतच असते असे नाही. बाहेर जाणाऱ्या जोडण्यांसाठी लिनक्स सामान्यतः ३२७६८ ते ६०९९९ या पट्ट्यातील क्रमांक तात्पुरते वापरतो. जीआरपीसीच्या उदाहरणांत सर्रास आढळणारा ५००५१ हा क्रमांक नेमका याच पट्ट्यात आहे! एखाद्या वेळी ब्राउझरनेच तो तात्पुरता घेतलेला असू शकतो. सेवेसाठी या पट्ट्याबाहेरील क्रमांक निवडावा, किंवा कर्नलच्या आरक्षित पोर्टांच्या यादीत तो नोंदवून ठेवावा.

निवारणाचे उपाय

सर्वांत सरळ उपाय म्हणजे जेथे पोर्टची वाटणी नको आहे, तेथे ती बंद करणे. जीआरपीसीच्या पायथन आवृत्तीत सर्व्हर निर्माण करताना 'जीआरपीसी डॉट एसओ अंडरस्कोअर रीयूजपोर्ट' या पर्यायाचे मूल्य शून्य दिले की दुसरी प्रत बाइंड करताना अडते. पहिल्या सॉकेटवर हा पर्याय नसल्यामुळे दुसऱ्याने तो लावला तरी उपयोग होत नाही. एवढ्या एका ओळीने आमची चाचणी वाचली असती. त्यासोबत, पोर्ट जोडण्याच्या क्रियेचे फलित तपासण्याची सवय ठेवावी. लायब्ररीच्या काही जुन्या आवृत्त्यांत पोर्ट न मिळाल्यास अपवाद न फेकता केवळ शून्य परत केले जाई, आणि ते कोणी पाहिले नाही तर सर्व्हर कोणत्याच पोर्टवर न ऐकता आनंदाने चालू राही.

अनेकांना सुचणारा दुसरा उपाय म्हणजे सुरू होण्यापूर्वी पोर्ट मोकळा आहे काय हे तपासणे. त्यासाठी पुनर्वापराचा पर्याय न लावता एक चाचणीचा सॉकेट बाइंड करून पाहायचा, जमले तर तो बंद करायचा आणि खरा सर्व्हर सुरू करायचा. हा उपाय दिसतो तितका पक्का नाही. तपासणी आणि प्रत्यक्ष ताबा यांच्यामध्ये जो क्षण जातो, त्याच क्षणी दुसऱ्या प्रतीचीही तपासणी यशस्वी होऊ शकते. यंत्र सुरू होताना अनेक सेवा एकदमच उठतात, त्यामुळे ही शक्यता केवळ पुस्तकी नाही. तपासणी आणि ताबा ही एकच अविभाज्य क्रिया असली पाहिजे. पर्यायविरहित बाइंड ही तशी क्रिया आहे, आणि फाइलवरील कुलूप ही दुसरी.

कुलपाकडे वळण्यापूर्वी प्रक्रिया क्रमांकाच्या फाइलविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण जुन्या पद्धतीच्या बहुतेक सेवांत तीच आढळते. सर्व्हर सुरू होताच आपला क्रमांक एका फाइलमध्ये लिहितो, आणि नंतर येणारी प्रत तो वाचून त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का ते पाहते. वीज गेली तर फाइल तशीच राहू शकते. प्रक्रिया क्रमांक पुन्हा वापरले जातात. पारंपरिक मर्यादा ३२७६८ असल्याने गजबजलेल्या यंत्रावर तोच क्रमांक थोड्याच काळात भलत्या प्रक्रियेला मिळू शकतो. मग सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो, कारण त्याच्या समजुतीप्रमाणे तो आधीच चालू असतो! याउलट दोन प्रतींनी एकाच क्षणी फाइल नसल्याचे पाहिले तर दोघीही सुरू होतात. म्हणजे ही पद्धत दोन्ही बाजूंनी चुकते.

'एफलॉक' या कर्नलच्या सुविधेत हे दोष नाहीत. ठरलेली एक फाइल उघडायची, तिच्यावर अनन्य कुलूप मागायचे, आणि ते तत्काळ न मिळाल्यास न थांबता बाहेर पडायचे. प्रक्रिया कोणत्याही कारणाने संपली, अगदी सक्तीने मारली गेली, तरी तिची फाइल कर्नल बंद करतो आणि कुलूप आपोआप सुटते. शिळी फाइल मागे राहिली तरी बिघडत नाही, कारण अर्थ फाइलच्या अस्तित्वाला नसून कुलपाला आहे. आज्ञावलीत बदल करणे शक्य नसेल, तर याच नावाची आज्ञा सर्व्हरच्या सुरुवातीच्या ओळीपुढे, 'न थांबता' या अर्थाच्या एन पर्यायासह, जोडली तरी चालते.

तरीही काही पथ्ये आहेत. कुलपाची फाइल काम संपल्यावर पुसू नये. नीटनेटकेपणाची सवय येथे घातक ठरते. समजा, पहिल्या प्रतीकडे कुलूप आहे आणि दुसरीने तीच फाइल उघडून ठेवली आहे. पहिलीने फाइल पुसली व ती संपली. दुसरीला कुलूप मिळाले, पण ते नावानिशी अस्तित्वात नसलेल्या फाइलवर. तिसरी आली, तिने त्याच नावाची नवी फाइल निर्माण केली आणि तिलाही कुलूप मिळाले. आता दोघी जणी मालकीण आहेत. दुसरे पथ्य असे की, कुलूप असलेले फाइलचे हँडल आज्ञावलीत शेवटपर्यंत जिवंत ठेवावे. पायथनमध्ये ते एखाद्या फंक्शनच्या स्थानिक चलात ठेवले, तर फंक्शन संपताच फाइल बंद होऊन कुलूप सुटते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत ही चूक वारंवार दिसते. तिसरे, फाइल स्थानिक डिस्कवर वा 'रन' या, दर वेळी यंत्रासोबत नव्याने तयार होणाऱ्या फोल्डरात असावी, नेटवर्कवरील सामाईक फोल्डरात नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जुन्या व नव्या दोन्ही प्रतींनी एकाच फाइलचे कुलूप मागितले पाहिजे. प्रत्येक फोल्डरात स्वतंत्र कुलूप ठेवले असते, तर आमच्या दोन्ही प्रती कुलूप लावूनही शेजारी शेजारी सुखाने नांदल्या असत्या.

सिस्टमडी आणि पोर्टची सोपवणूक

२०१० साली लेनार्ट पोएटरिंग व काय सिव्हर्स यांनी पुढे आणलेली सिस्टमडी ही व्यवस्था आज बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणांत आहे. सेवा तिच्या स्वाधीन केली की चालू असलेल्या सेवेला पुन्हा 'सुरू हो' म्हटल्याने दुसरी प्रत निघत नाही. सेवेच्या सर्व बाल प्रक्रिया कर्नलच्या एका नियंत्रण गटात बांधलेल्या असतात, आणि सेवा थांबविताना मूळ संकेताप्रमाणे संपूर्ण गट संपविला जातो. त्यामुळे वारसाने पोर्ट धरून बसलेल्या अनाथ प्रक्रियांचाही बंदोबस्त होतो. क्रॉनच्या तक्त्यातून सेवा सुरू करण्याची सवय सोडावी, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. मात्र सिस्टमडीची हमी तिच्या हातून सुरू झालेल्या सेवेपुरतीच असते. कोणी टर्मिनल उघडून तीच आज्ञावली हाताने चालविली, तर सिस्टमडीला त्याची वार्ताही नसते. म्हणून कुलूप आज्ञावलीतही असावे.

सिस्टमडीची आणखी एक सोय या संदर्भात मोलाची आहे. तीत पोर्ट सिस्टमडी स्वतः उघडते आणि उघडा सॉकेट सेवेच्या हाती सोपविते. जुन्या युनिक्समधील आयनेटडीच्या कल्पनेचाच हा विस्तार होय. या सॉकेटवर रीयूजपोर्ट मुळात बंद असते, त्यामुळे बाहेरून आलेली दुसरी कोणतीही प्रत त्या पोर्टवर बसू शकत नाही. सेवा नव्याने सुरू होत असताना येणाऱ्या जोडण्या सॉकेटच्या रांगेत थांबून राहतात, हा वेगळा लाभ. अर्थात वारसाने मिळालेला सॉकेट स्वीकारण्याची सोय प्रत्येक लायब्ररीत नसते.

जेथे अनेक प्रक्रियांनी पोर्ट वाटून घेणे खरोखर हवे आहे, तेथे काय करावे? तेथे कुलूप जनक प्रक्रियेने घ्यावे आणि कामकरी प्रक्रिया तिनेच जन्माला घालाव्यात. म्हणजे कुटुंब एकच राहते, त्यातील सदस्य कितीही असोत. कुलपाचे हँडल फोर्कमधून कामकऱ्यांकडेही जाते, हे येथे गुणकारकच आहे : शेवटचा कामकरी संपेपर्यंत नवे कुटुंब त्या घरात येऊ शकत नाही. अशा मांडणीत एखादा कामकरी मध्येच मारला गेला, तर त्याच्या रांगेत थांबलेल्या जोडण्या तुटतात. त्या दुसऱ्या सॉकेटकडे वळविण्याची ऐच्छिक सोय कर्नलमध्ये ५.१४ या २०२१ मधील आवृत्तीपासून आहे.

पोर्ट की माहिती?

पोर्ट हे रक्षणाचे खरे लक्ष्य नाही, ही गोष्ट या सर्व तपशिलांत निसटू नये. आमच्या प्रसंगात हानी झाली ती गुणांच्या नोंदींची. दोन प्रती दोन वेगळ्या पोर्टांवर चालल्या असत्या आणि एकाच फाइलमध्ये लिहीत असत्या, तरी अनर्थ झालाच असता. पोस्टग्रेस हा डेटाबेस याबाबत अनुकरणीय आहे. त्याच्या माहितीच्या फोल्डरात एक कुलूप-फाइल असते, तिच्या जोडीला सामाईक स्मृतीचा एक भाग तपासला जातो, आणि पोर्ट वेगळा दिला तरी त्याच माहितीवर दुसरा सर्व्हर सुरू होऊ दिला जात नाही. कंटेनर वापरणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. प्रत्येक कंटेनरला सामान्यतः स्वतःचे नेटवर्क नामक्षेत्र आणि स्वतःचा 'रन' फोल्डर असतो, म्हणजे पोर्टही स्वतंत्र आणि कुलूपही स्वतंत्र. तेथे दोन प्रती सामाईक डेटाबेसमध्ये लिहिणार असतील, तर कुलूप त्या डेटाबेसमध्येच असले पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी सल्लावजा कुलपांची सोय २००६ मधील ८.२ आवृत्तीपासून उपलब्ध आहे.

पडताळणी

उपाय योजल्यावर तो प्रत्यक्ष मोडून पाहावा. आमच्या विभागात आता कोणतीही सेवा चाचणीसाठी वापरण्यापूर्वी चार गोष्टी करून पाहिल्या जातात. सेवा चालू असताना त्याच खात्यातून, पण मुद्दाम वेगळ्या फोल्डरमधून दुसरी प्रत सुरू केली जाते. ती ताबडतोब बाहेर पडली पाहिजे आणि पहिल्या प्रतीचा प्रक्रिया क्रमांक सांगणारा संदेश तिने दिला पाहिजे. हा क्रमांक कुलूप मिळाल्यानंतर त्याच फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि तो केवळ माहितीसाठी असतो. नंतर जोडण्या चालू असताना पहिली प्रत सक्तीने मारून लगेच पुन्हा सुरू केली जाते. ६० सेकंदांची वाट न पाहता ती सुरू झाली पाहिजे. तिसऱ्या वेळी सर्व्हर बंद करून त्याच्या बाल प्रक्रियांपैकी कोणी पोर्ट धरून तर नाही ना, हे एसएसच्या यादीत पाहिले जाते. चौथी गोष्ट सर्वांत त्रासाची, म्हणून ती बहुधा टाळली जाते : यंत्राची वीज खरोखर बंद करून ते पुन्हा सुरू करणे आणि कोणाचाही हात न लागता नेमकी एकच प्रत, नव्याच फोल्डरमधून, उठते काय ते पाहणे. गेल्या खेपेस या चौथ्या पायरीतच क्रॉनच्या तक्त्यातील आणखी एक विसरलेली ओळ सापडली.